जॉन हेन्री स्टील

जॉन हेन्री स्टील (इ.स. १८५५ – इ.स. १८९१) हे ब्रिटिश पशुवैद्यक, लेखक आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होते. घोडे व खेचरांना होणाऱ्या सर्रा या परजीवीजन्य रोगावरील संशोधनासाठी ते ओळखले जातात.

सर्रा रोगावरील संशोधन

सर्रा रोगात जनावराला ताप येतो, पाय व पोटाखालचा भाग सुजतो आणि चारा खात असूनही ते खंगत जाते. घोड्याच्या आतड्यातील कृमींचे निदान सामान्यतः लिदीतील अंड्यांवरून होते. सर्राचा परजीवी मात्र रक्तात राहत असल्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातच शोधावा लागतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान येथे तो प्रथम पाहिला. मात्र हाच परजीवी रोगाचे कारण आहे, हे त्यांचे मत तेव्हा सर्वांना पटले नाही.

१८८५ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराच्या खेचरांमध्ये पसरलेल्या रोगाची तपासणी करताना स्टील यांना रक्तात तसाच परजीवी आढळला. इव्हान्स यांच्या सन्मानार्थ त्यांनी त्याला 'स्पायरोकीटा इव्हान्सी' असे नाव दिले. ताप उतरताच परजीवी रक्तातून दिसेनासा होतो आणि पुन्हा उलटतो, यावरून हा रोग माणसातील उलटणाऱ्या तापासारखा असल्याचे त्यांनी मानले. हे वर्गीकरण चुकीचे ठरले. परजीवी जिवाणू नसून एकपेशीय प्राणी असल्याचे पुढे स्पष्ट झाले आणि त्याला 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी' म्हटले जाऊ लागले. स्टील यांचे निरीक्षण मात्र अचूक होते. एका तपासणीत परजीवी दिसला नाही, म्हणून सर्रा नाही असे ठरवता येत नाही. त्यामुळे रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

मुंबईतील कार्य

१८८६ मध्ये मुंबईतील परळ येथे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाच्या जोडीने पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्राचार्य या नात्याने स्टील यांनी तेथील शिक्षणाचा पाया घातला. हत्तींच्या रोगांवरील त्यांचे पुस्तक १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. गुरे व मेंढ्यांच्या रोगांवरही त्यांनी ग्रंथ लिहिले.

मृत्यू आणि वारसा

प्राचार्यपदाची पाच वर्षेही पूर्ण होण्याआधी, १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटनमध्ये स्टील स्मृती पदक सुरू करण्यात आले. त्यांनी उभे केलेले महाविद्यालय आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे.