थोरले बाजीराव पेशवे, एप्रिलचे ऊन आणि आपली त्वचा

थोरल्या बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी झाला. वडील बाळाजी विश्वनाथ यांच्या निधनानंतर, १७२० मध्ये, विशीही पूर्ण झालेली नसताना छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली. पुढची वीस वर्षे त्यांचा बराच काळ घोड्यावर गेला. १७२८ मध्ये पालखेडला त्यांनी निजामाला कोंडीत पकडले, १७२९ मध्ये छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात धाव घेतली आणि १७३७ च्या मार्चमध्ये थेट दिल्लीच्या वेशीवर धडक मारली.

त्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांविरुद्ध साष्टीची मोहीम उघडली. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे याच साष्टी बेटावर वसली आहेत. ही मोहीम १७३९ च्या मे महिन्यात वसईच्या विजयाने संपली.

१७४० च्या सुरुवातीला बाजीरावांनी निजामाचा मुलगा नासिरजंग याला नमवले आणि हंडिया व खरगोण हे प्रांत मिळवले. त्यांची व्यवस्था लावायला ते नर्मदाकाठी गेले. निमाडातला तो ऐन उन्हाळा होता. रावेरखेडीच्या छावणीत त्यांना ताप आला आणि २८ एप्रिल १७४० रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हा उष्माघात असावा, असे अनेक जण मानतात. त्यांची समाधी तिथेच, नर्मदेच्या काठी आहे.

उन्हाचा त्वचेशी संबंध काय?

घाम सुकताना शरीरातली उष्णता बाहेर पडते आणि हे काम त्वचा करते. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, म्हणून तापमान कमी दिसले तरी त्रास होतो. उन्हाने भाजलेल्या त्वचेची घाम सोडण्याची क्षमता कमी होते. त्यामुळे त्वचा जपणे हा केवळ रंगाचा प्रश्न नाही. अतिनील किरणांमुळे वांग आणि काळे डाग वाढतात, सुरकुत्याही लवकर पडतात. सावळ्या त्वचेलाही हे लागू आहे.

काय काळजी घ्यावी?

- शक्यतो सकाळी ११ ते दुपारी ४ उन्हात जाणे टाळा.
- सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला. छत्री किंवा टोपी सोबत ठेवा.
- एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन बाहेर पडण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे लावा आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावा. मान, कान, हात विसरू नका.
- सहा महिन्यांखालील बाळाला सावलीतच ठेवा.
- तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात किती पाणी प्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

धोक्याची लक्षणे

अंग खूप तापणे, असंबद्ध बोलणे, झटके किंवा बेशुद्धी दिसल्यास लगेच १०८ ला फोन करा. मदत येईपर्यंत रुग्णाला सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर पाणी टाकून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. बाजीरावांच्या छावणीत अशी सोय नव्हती. आपल्याकडे ती आहे, फक्त वेळ दवडू नका.