हिमवर्षावातील यात्रिक : चित्रकार कावासे हासुई

संपत्ती कशाला म्हणावे आणि संचय कशाला, हा प्रश्न व्यापारी माणसाला इतरांपेक्षा अधिक वेळा पडतो. वर्षअखेर आपण शिल्लक माल मोजतो, येणी-देणी मांडतो आणि ताळेबंद जुळला की समाधान पावतो. परंतु एखाद्या दिवशी गोदामच राहिले नाही, वहीखातीही राहिली नाहीत, तर माणसाजवळ काय उरते? विसाव्या शतकातील जपानचे थोर निसर्गचित्रकार व मुद्राचित्रकार कावासे हासुई यांच्या आयुष्यात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. त्यांनी त्याचे उत्तर शब्दांनी दिले नाही, आपल्या कार्याने दिले. ते कार्य सुज्ञ वाचकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

व्यापारी घराण्यातील जन्म

हासुई यांचा जन्म १८ मे १८८३ रोजी टोकियो शहराच्या शिबा या भागात झाला. त्यांचे मूळ नाव बुन्जिरो. घराणे व्यापाऱ्याचे होते. पारंपरिक जपानी पोशाखाला लागणारे रेशमी धागे आणि रेशमाचे विणलेले गोफ यांचा त्यांच्या वडिलांचा व्यवसाय होता. बुन्जिरो ज्येष्ठ पुत्र असल्याने पेढी त्यांनीच सांभाळावी, ही घराची अपेक्षा स्वाभाविक होती. आपल्याकडील कोणत्याही व्यापारी कुटुंबात याहून निराळे काय घडले असते?

मुलाचे मन मात्र लहानपणापासून चित्रात रमलेले होते. तरीही त्यांनी घराची अपेक्षा धुडकावली नाही. तारुण्याची उमेदीची वर्षे त्यांनी व्यवसायातच घालवली आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास ती जबाबदारी सुटल्यावरच ते पूर्ण मनाने चित्रकलेकडे वळले. त्या काळचे नामवंत चित्रकार काबुराकी कियोकाता यांच्याकडे ते शिष्यत्व मागण्यास गेले. पारंपरिक जपानी चित्रकलेचे शिक्षण कोवळ्या वयात सुरू होत असे. पंचविशी उलटलेल्या या विद्यार्थ्याला कियोकातांनी प्रथम स्वीकारले नाही, पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रण शिकण्याचा सल्ला दिला. तरुणाने तो अपमान मानला नाही. ओकादा साबुरोसुके यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तैलचित्रणाचा अभ्यास केला आणि नंतर पुन्हा कियोकातांच्या दारी गेले. १९१० साली गुरूंनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले व हासुई हे नाव दिले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस होते.

उशिरा मिळालेल्या या शिक्षणाचा एक अनपेक्षित लाभ झाला. छायाप्रकाश व अंतर दाखविण्याची पाश्चात्त्य दृष्टी आणि रेषेचा व रंगाचा जपानी संयम ही दोन्ही त्यांच्या हातात एकत्र आली. पुढे त्यांच्या चित्रांचे जे वैशिष्ट्य ठरले, त्याचे मूळ या आडवळणाच्या वाटेत आहे.

अनेक हातांची कला

१९१८ साली हासुई यांनी आपले गुरुबंधू इतो शिन्सुई यांची ओमी प्रांतातील सरोवराच्या आठ दृश्यांची ठसाचित्रे प्रदर्शनात पाहिली आणि त्यांना आपली वाट सापडली. ती चित्रे वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने काढली होती. हासुई त्यांना भेटले. त्याच वर्षी शिओबारा या डोंगराळ, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या परिसराची त्यांची पहिली तीन ठसाचित्रे प्रसिद्ध झाली. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते. तेथून सुरू झालेला हा संबंध जवळजवळ चाळीस वर्षे टिकला. मध्यंतरी हासुई यांनी अन्य प्रकाशकांसाठीही काही काम केले, परंतु त्यांचे मुख्य कार्य वातानाबे यांच्याकडेच झाले.

ही कला कशी घडते, हे कापडाच्या व्यवसायातील माणसाला चटकन उमगते. चित्रकार प्रथम चित्र काढतो. त्याची रेषाकृती पातळ कागदावर उतरवून तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवतात. कोरक कारागीर रेषा तेवढ्या ठेवून उरलेले लाकूड कोरून काढतो. हा झाला मुख्य ठसा. त्यानंतर प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जातो. छापणारा कारागीर तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेला दमट कागद ठशावर ठेवून बांबूच्या सालीने मढवलेल्या चकतीने मागून घासतो. प्रत्येक ठशावर कागद बसविण्यासाठी कोपऱ्यात खुणेची खाच असते. ती केसभर चुकली, तरी सारे चित्र वाया जाते. आपल्याकडे सांगानेर व बगरू येथील हाताने छापलेल्या कापडाचेही असेच आहे. रंगागणिक ठसा निराळा आणि एक ठसा सरकला की ते थान सेकंडच्या मालात जमा. फरक इतकाच की कापडावर नक्षी पुन्हा पुन्हा येते. हासुई यांच्या चित्रात एकाच कागदावर रात्रीचे आकाश निळ्यातून काळ्याकडे हळूहळू उतरत जावे लागते आणि त्यासाठी छपाईचे थरावर थर द्यावे लागतात.

त्या काळी जपानमध्ये दुसरा एक विचारप्रवाह जोरात होता. चित्र काढणे, कोरणे आणि छापणे ही तिन्ही कामे ज्याने स्वतः केली तोच खरा कलावंत, असे त्या पक्षाचे मत होते. त्यांच्या दृष्टीने हासुई यांचे काम कमी प्रतीचे ठरत होते. हा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. परंतु हासुई कारागिरांच्या शेजारी बसून नमुन्याच्या प्रती तपासत आणि रंगाची छटा मनासारखी येईपर्यंत दुरुस्त्या सुचवीत. कोरणाऱ्याचे कौशल्य, छापणाऱ्याचा हात, प्रकाशकाचे भांडवल व धाडस आणि चित्रकाराची दृष्टी यांचा परस्परांवर विश्वास असल्याशिवाय असे काम उभे राहत नाही. चार जणांच्या भागीदारीत कोणाचा वाटा मोठा, हे वहीत मांडता येईल. सचोटीचा वाटा मात्र आकड्यात मांडता येत नाही.

अग्निपरीक्षा

हासुई सतत प्रवास करीत. गावोगावी हिंडावे, वहीत रेखाटने करावीत, परत येऊन त्यांवरून चित्रे रंगवावीत आणि त्यातून ठसे तयार व्हावेत, असा त्यांचा क्रम होता. प्रवासाची स्मृतिचित्रे व टोकियोची बारा दृश्ये या मालिकांनी त्यांचे नाव झाले. रेखाटनांच्या वह्या हेच त्यांचे भांडवल होते.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे असताना कांतो प्रदेशात महाभयंकर भूकंप झाला. घराघरांत चुली पेटलेल्या होत्या. लाकडी घरांचे ते शहर पाहता पाहता आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. टोकियो, योकोहामा व आसपासच्या भागात एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. योकोहामा हे रेशमाच्या निर्यातीचे मोठे बंदर. तेथे भारतीय व्यापाऱ्यांच्याही पेढ्या होत्या आणि आपले अनेक देशबांधव त्या आपत्तीत दगावले. त्या वेळी स्थानिकांनी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून भारतीय समाजाने पुढे त्या शहराला एक जलकुंड अर्पण केले. ते आजही तेथील यामाशिता उद्यानात उभे आहे.

या आगीत वातानाबे यांचे दुकान, छापलेली चित्रे आणि कोरलेले ठसे जळून गेले. हासुई यांचे घर गेले आणि वर्षानुवर्षे जमविलेल्या रेखाटनांच्या वह्याही गेल्या. त्यांनी चाळिशी ओलांडली होती. व्यवसाय आधीच सुटलेला आणि कलेचे भांडवल एका दिवसात राख झालेले.

अशा प्रसंगी माणूस दोन गोष्टी करू शकतो. गेलेल्याचा हिशेब करीत बसणे ही एक आणि पुन्हा नव्याने आरंभ करणे ही दुसरी. वातानाबे यांच्या प्रोत्साहनाने हासुई त्याच वर्षीच्या शरद ऋतूत प्रवासाला निघाले. पश्चिम जपानचा समुद्रकिनारा, डोंगर, खेडी आणि मंदिरे पाहत ते तीन महिन्यांहून अधिक काळ हिंडले. एवढा दीर्घ प्रवास त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता. परतताना त्यांच्याजवळ नव्या वह्या होत्या. दुसरीकडे वातानाबे यांनी दुकान पुन्हा उभे केले, कारागीर पुन्हा जमविले आणि १९२४ पासून नवी चित्रे बाहेर पडू लागली. माल जळाला होता, परंतु कसब आणि पत या दोन गोष्टींना आग लागत नाही, हे या दोघांनी दाखवून दिले.

झोजोजीचे महाद्वार

१९२५ साली हासुई यांचे सर्वांत गाजलेले चित्र प्रसिद्ध झाले. त्यांच्या जन्मस्थानाजवळ, शिबा येथे, झोजोजी नावाचे प्राचीन बौद्ध मंदिर आहे. त्याचे १६२२ साली बांधलेले लाल रंगाचे भव्य महाद्वार भूकंपातून बचावले होते. चित्रात वाऱ्याबरोबर तिरपा हिमवर्षाव होत आहे, बर्फाने वाकलेले पाइनचे झाड आहे, मागे ते लाल द्वार आहे आणि छत्री पुढे झुकवून एकटी स्त्री चालली आहे. एवढेच ते चित्र. सारे शहर उद्ध्वस्त झालेले असताना टोकियोच्या नागरिकाला आपले काही तरी अजून उभे आहे, हा दिलासा त्या द्वाराने दिला असेल तर नवल नाही. या चित्राच्या प्रती फार मोठ्या संख्येने खपल्या.

या द्वाराच्या नावाचा अर्थ आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. त्याचे नाव तीन मुक्तींचे द्वार असे आहे. लोभ, क्रोध आणि अज्ञान या तिन्हींपासून मुक्त होऊन मनुष्याने आत प्रवेश करावा, असा त्याचा भाव आहे. राग, द्वेष आणि मोह यांचा क्षय हे ज्यांचे ध्येय आहे, त्यांना त्या नावाचे निराळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. ज्याचे सर्वस्व दोन वर्षांपूर्वी जळाले, त्या चित्रकाराने हेच द्वार निवडावे, याला योगायोग म्हणावे की आणखी काही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढील काळात मागोमे येथील चांदण्या रात्रीसारखी (१९३०) अनेक चित्रे लोकप्रिय झाली. १९३० व १९३६ साली अमेरिकेतील टोलेडो शहराच्या कलासंग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनांमुळे त्यांचे नाव सातासमुद्रापार गेले. १९३९ साली त्यांनी कोरियाचा प्रवास करून तेथील दृश्ये चितारली. महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात ते टोकियो सोडून शिओबारा येथे राहिले. ज्या परिसराने त्यांना पहिली तीन चित्रे दिली, त्यानेच संकटकाळी आश्रय दिला. युद्धानंतर, १९५२ साली, ठसाचित्रांची पारंपरिक पद्धत कायमची नोंदवून ठेवावी, असे जपानी शासनाच्या सांस्कृतिक वारसा समितीने ठरविले आणि त्यासाठी शिन्सुई व हासुई यांची निवड केली. त्या कामासाठीही हासुई यांनी झोजोजी मंदिरातील हिमवर्षावच निवडला. ते चित्र १९५३ साली पूर्ण झाले आणि ते घडविण्याच्या प्रत्येक टप्प्याची नोंद जतन करण्यात आली.

अखेरचे चित्र

सुमारे चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत हासुई यांनी सहाशेहून अधिक ठसाचित्रांची रचना केली. त्यांत मोठे समारंभ नाहीत, युद्धवीर नाहीत. पाऊस, धुके, बर्फ, संध्याकाळ, खेड्यातील घराच्या खिडकीतला दिवा आणि कोठे तरी एखादे एकटे माणूस, हाच त्यांचा विषय. बदलत्या जपानात जे हळूहळू नाहीसे होत होते, ते त्यांनी कागदावर राखले. संगणक उद्योगातील विख्यात अमेरिकन उद्योजक स्टीव्ह जॉब्ज यांनीही त्यांच्या चित्रांचा आवडीने संग्रह केला होता. ज्याच्याजवळ घेण्यासारखे जगातील सर्व काही होते, त्याला या शांत चित्रांची ओढ वाटावी, हे विचार करण्यासारखे आहे.

७ नोव्हेंबर १९५७ रोजी हासुई यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे एक चित्र छपाईच्या वाटेवर होते. हिराइझुमी येथील बाराव्या शतकातील सुवर्णमंडित मंदिर, सर्वत्र पसरलेले बर्फ, वर जाणाऱ्या पायऱ्या आणि आपल्याकडे पाठ करून एकटाच चालत जाणारा एक भिक्षू, असे ते चित्र आहे. वातानाबे यांनी ते पूर्ण करून घेतले आणि त्याच्या प्रती हासुई यांच्या स्मरणार्थ आप्तेष्टांना व मित्रांना भेट दिल्या. चाळीस वर्षांपूर्वी जोडलेल्या व्यवहाराचा शेवट असा नफ्या-तोट्याच्या पलीकडे झाला.

पायी विहार करणारे साधू-साध्वी आपण नित्य पाहतो. त्यांच्याजवळ संचय नसतो आणि तरीही त्यांचे पाऊल अडत नाही. बर्फातून चालणाऱ्या त्या भिक्षूकडे पाहताना मला प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर सापडल्यासारखे वाटते. जे जळू शकते, बुडू शकते, चोरीस जाऊ शकते, तो संचय. जे हातात, दृष्टीत आणि चारित्र्यात मुरलेले असते, ती संपत्ती. हासुई यांनी संचय गमावला आणि संपत्तीच्या बळावर पुन्हा वाट धरली. आपल्या पुढील पिढीच्या हाती पेढी सोपवताना, तिची आवड निराळी असली तरी, ही दुसऱ्या प्रकारची संपत्ती आपण तिच्या पदरी घालत आहोत की नाही, याचा विचार प्रत्येकाने करावा, एवढी नम्र विनंती करून लेखणीला विराम देतो.