रंगांनी बोलणारे बाबूराव

मैत्रिणींनो, सिनेमा देवाचा की मारामारीचा, हे पोस्टर बघूनच कळतं ना? ही रंगांची भाषा आपल्याकडे रुजवणाऱ्यांत मोठं नाव कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचं. १८९० साली जन्मलेले बाबूराव नात्यातले भाऊ आनंदराव यांच्यासोबत नाटकांचे पडदे रंगवायचे. १९१६ साली आनंदराव गेले, पण दोघांनी मिळून पाहिलेलं सिनेमाचं स्वप्न बाबूरावांनी सोडलं नाही. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशांची मदत केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. सिनेमे तेव्हा मुके, काळेपांढरे. रंग दिसायचे ते ‘कल्याण खजिना’सारख्या त्यांच्या पोस्टरवर. मुकुट, गदा म्हणजे पुराण. पागोटं, तलवार म्हणजे इतिहास. अक्षर न येणाऱ्या बाईलाही ते वाचता यायचं! १९५४ साली बाबूराव गेले. पोस्टर मात्र आपण अजून तसंच वाचतो.