कॅन्सरचा पहिला क्लू युरिनमध्ये!

लॅबवाल्या दादाने हातात छोटी डबी दिली आणि सॅम्पल आणायला सांगितलं, की आपलं तोंड वाकडं होतं. हो ना? पण कॅन्सरची खूण सांगणारा पहिला केमिकल पुरावा अशाच एका युरिन सॅम्पलमध्ये सापडला होता, तोही १८४५ मध्ये! तो ओळखणाऱ्या डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्या नावाचं प्रोटीन मेडिकलची मुलं आजही पाठ करतात.

हेन्रींचा जन्म ३१ डिसेंबर १८१३ चा, इंग्लंडमधल्या सफोकचा. शिक्षण हॅरो स्कूल आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. नंतर लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकले. पण एवढ्यावर समाधान कुठलं? केमिस्ट्रीचं वेड त्यांना १८४१ मध्ये जर्मनीत घेऊन गेलं, थेट लीबिग या दिग्गज केमिस्टच्या लॅबमध्ये. पेशंट तपासणारा डॉक्टर टेस्ट ट्यूबही हातात घेतो, हे तेव्हा फारसं दिसत नसे.

आता मूळ किस्सा. लंडनमधला ४५ वर्षांचा एक किराणा व्यापारी. वर्षभर छाती-पाठीच्या हाडांत भयंकर दुखत होतं, अंगात त्राण नव्हतं. अंगावर सूज दिसली म्हणून डॉ. विल्यम मॅकिंटायर यांनी त्याचं युरिन तपासलं आणि ते चक्रावले. नायट्रिक ॲसिड घातल्यावर काही वेळाने साका जमायचा, तापवलं की विरघळायचा, गार झालं की पुन्हा जमायचा! नेहमीचं अल्ब्युमिन असं कधीच वागत नाही.

१ नोव्हेंबर १८४५ रोजी दुसरे डॉक्टर थॉमस वॉटसन यांनी सॅम्पल बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवलं. हे नेमकं आहे तरी काय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. बेन्स जोन्स यांनी पदार्थ वेगळा केला, त्याचं ॲनालिसिस केलं, तो एक वेगळंच प्रोटीन असल्याचं दाखवलं. निरोगी रक्तात जितकं अल्ब्युमिन असतं, जवळपास तितकं हे प्रोटीन त्या माणसाच्या युरिनमधून वाहून जात होतं.

पण पेशंटच्या हाती वेळच उरला नव्हता. १ जानेवारी १८४६ ला तो गेला. पोस्टमॉर्टेममध्ये हाडं मऊ, ठिसूळ निघाली. बेन्स जोन्स यांनी मात्र विषय सोडला नाही. १८४७-४८ मध्ये पेपर छापले आणि हाडं मऊ होण्याच्या प्रत्येक केसमध्ये हे प्रोटीन शोधा, असा आग्रह धरला. म्हणजे एक पेशंट वाचला नाही, तरी पुढच्यांसाठी खूण करून ठेवली.

पुढे ते लंडनचे नामांकित डॉक्टर झाले. चार्ल्स डार्विन त्यांचे पेशंट! मायकेल फॅरेडेंचं चरित्र त्यांनीच लिहिलं. २० एप्रिल १८७३ रोजी त्यांचं निधन झालं. योगायोग बघा, त्याच वर्षी या आजाराला 'मल्टिपल मायलोमा' हे नाव मिळालं. ते प्रोटीन म्हणजे अँटिबॉडीचाच एक तुकडा आहे, हे कळायला तर १९६२ उजाडलं.

एक गोष्ट मात्र खटकते. विचित्र साका आधी पाहिला मॅकिंटायर यांनी, पण नाव लागलं बेन्स जोन्स यांचं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये क्रेडिट हुकलेल्यांना हे दुःख लगेच कळेल!

आज हाच शोध दुसऱ्या अवयवांपर्यंत पोचलाय. पोटाच्या म्हणजे जठराच्या कॅन्सरची सुरुवातीची लक्षणं साध्या ॲसिडिटीसारखी वाटतात, कधी कधी तर जाणवतही नाहीत. नक्की निदानासाठी घशातून नळी घालून एंडोस्कोपी करावी लागते, आतला छोटा तुकडा तपासावा लागतो. साहजिकच लोक टाळतात आणि उशीर होतो. म्हणून या कॅन्सरची खूण युरिनमधल्या प्रोटीनमध्ये सापडते का, हे संशोधक तपासतायत. सुई नको, नळी नको. अर्थात, एंडोस्कोपीची जागा घेईल अशी टेस्ट अजून आलेली नाही. त्यामुळे त्रास अंगावर काढू नका, घरच्यांनाही काढू देऊ नका.

आणि पुढच्या वेळी हातात ती डबी आली, की तोंड वाकडं करण्याआधी त्या किराणा व्यापाऱ्याला एकदा आठवा.