मंथरेआधीची ललिता पवार

सन १९८७. मुदखेड जंक्शनच्या आसपासच्या वस्तीत तेव्हा दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरांत होते. रविवारी सकाळी रामायण मालिका सुरू झाली, की अशा घरांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरत नसे. राम-सीतेचे दर्शन होताच हात जोडले जात आणि कैकेयीच्या महालात एक वाकलेली म्हातारी शिरली, की त्याच बैठकीतून शिव्याशाप निघत. ती मंथरा रंगवणाऱ्या ललिता पवार तेव्हा सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत आजही एखाद्या घरातील सासू फारच जाचक निघाली, तर तिला ललिता पवार म्हणून मोकळे होतात. अभिनेत्रीचे नावच शिवी व्हावे, हा मान की अपमान, याचा निर्णय करणे अवघड आहे.

या म्हाताऱ्या चेहऱ्यामागे एक तरुण नायिका होती. ती बहुतेकांना ठाऊक नाही, कारण तिला पाहण्याची सोयच फारशी उरलेली नाही.

येवल्यात १८ एप्रिल १९१६ रोजी जन्मलेल्या या मुलीचे नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण यांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार होता. पैठणीच्या गावातील खाऊन-पिऊन सुखी असे हे घर. मुलींनी चित्रपटात काम करणे तर दूरच, चित्रपट पाहणेही जेथे कमीपणाचे मानले जाई, अशा काळात ही मुलगी १९२८ च्या सुमारास पुण्यात नानासाहेब सरपोतदार यांच्या आर्यन फिल्म कंपनीत दाखल झाली. सुरुवात बालकलाकार म्हणून झाली. काही वर्षांतच पडद्यावर तिचे नाव अंबू या रूपात नायिका म्हणून झळकू लागले. ललिता हे नाव नंतरचे. पवार हे आडनाव लाभले ते दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी झालेल्या विवाहामुळे.

पवारांचे चित्रपट म्हणजे बहुतांशी स्टंटपट. या प्रकाराविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. मोठ्या कंपन्यांचे पौराणिक आणि सामाजिक चित्रपट ज्या वेळी सुशिक्षितांच्या चर्चेचा विषय होते, त्याच वेळी अल्प भांडवलात, थोड्या दिवसांत उरकलेले हाणामारीचे चित्रपट गिरणगावातील आणि लहान शहरांतील चित्रगृहे भरून टाकत होते. तलवारबाजी, घोडदौड, गच्चीवरून उड्या, बुरखा घातलेला तारणहार हा त्यांचा मालमसाला. अमेरिकेत ज्यांना दुय्यम दर्जाचे, म्हणजे बी-ग्रेड, चित्रपट म्हटले गेले, त्यांचे हे देशी भाऊबंद. समीक्षक त्यांच्याकडे ढुंकून पाहत नसत. १९३५ मध्ये हंटरवाली आला आणि नादिया या गोऱ्या अभिनेत्रीच्या नावाचा डंका वाजला. त्यामुळे स्टंटपटातील स्त्री म्हटले की आज तिचेच नाव घेतले जाते. येवल्याची अंबू मात्र त्याआधीच या मैदानात उतरलेली होती.

पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा दिलेर जिगर हा मूकपट १९३१ चा. दिग्दर्शक गणपतराव पवार, नायक हमीर, नायिका ललिता. बळकावलेले राज्य, परागंदा राजपुत्र, रस्त्यावर कसरतीचे खेळ करणारी जोडी आणि शेवटी तलवारींचा खणखणाट, असा त्याचा थाट आहे. पुढे बोलपट आले, तरी हा मार्ग सुटला नाही. दैवी खजिना (१९३३) आणि हिंमत-ए-मर्दां (१९३५) ही त्यांतील ठळक नावे. या चित्रपटांची नावे उर्दू वळणाची असत. निजामी राजवटीत उर्दूतून शाळा शिकलेल्या मराठवाड्यातील जुन्या पिढीला त्यांचा अर्थ विचारावा लागत नसे, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही.

केवळ उड्या मारण्यावर ही अभिनेत्री समाधानी नव्हती. १९३२ मधील कैलास या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. १९३८ मध्ये त्यांनी दुनिया क्या है या बोलपटाची सहनिर्मिती केली. कथा टॉलस्टॉय यांच्या पुनरुत्थान या कादंबरीवरून घेतलेली. विशीतील एक मराठी नटी स्वतःचे पैसे घालून टॉलस्टॉय पडद्यावर आणू पाहते, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. भालजी पेंढारकरांचा नेताजी पालकर, वि. स. खांडेकरांच्या लेखणीतून उतरलेला अमृत (१९४१) अशा चित्रपटांतून मराठी प्रेक्षकांनाही त्यांचा चांगला परिचय झाला होता. नायिका म्हणून पुढची दहा वर्षे सहज त्यांची असायला हवी होती.

ती राहिली नाहीत. १९४२ मध्ये जंग-ए-आझादीच्या चित्रीकरणात भगवान यांनी त्यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. हेच भगवान पुढे अलबेलामुळे भगवानदादा म्हणून घराघरांत पोचले. तेव्हा मात्र तेही स्टंटपटांच्याच दुनियेतील गडी होते. हात जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर दुखावली आणि तो डोळा कायमचा बारीक राहिला. स्टंटपटाच्या कामात इजा ही रोजची बाब होती. उंचावरून पडून मोडलेले हातपाय जोडले जात. येथे मोडला तो चेहरा. नायिकेचे भांडवल तेवढेच असते, असे त्या धंद्याचे गणित होते.

उपचार तीन वर्षे चालले, असे सांगितले जाते. सव्वीस वर्षांची नायिका एका थपडेने संपली आणि खलनायिका जन्मली, अशी ही कथा सहसा एका वाक्यात आटोपली जाते. प्रत्यक्षात ते इतके सरळ नसावे. प्रभातचा रामशास्त्री १९४४ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यात राघोबादादांच्या आनंदीबाई ललिता पवार आहेत. म्हणजे अपघाताला दोनच वर्षे होतात न होतात, तोच या अभिनेत्रीने ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून मराठी मनात शतकभर रुतून बसलेली बाई उभी केली होती. नायिकेच्या भूमिका गेल्या, हे खरे. पण हातावर हात ठेवून बसण्याचा काळ त्यांनी स्वतःला फारसा दिलेला दिसत नाही.

व्ही. शांताराम यांच्या दहेज (१९५०) मध्ये त्या हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाल्या आणि तेथून पुढे हिंदी चित्रपटातील सासू म्हणजे ललिताबाई हे समीकरण पक्के झाले. तो बारीक झालेला डोळा कॅमेऱ्यापासून लपवण्याऐवजी त्यांनी तो कॅमेऱ्याच्या पुढ्यात आणला. मान किंचित कलती करून, एक भुवई चढवून त्या पाहू लागल्या, की समोरच्या सुनेआधी प्रेक्षकच चपापत. हे व्यंगामुळे आपोआप घडले असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. व्यंग अनेकांच्या वाट्याला येते. त्याची मात्रा किती आणि केव्हा वापरायची, हे अभिनेत्यालाच ठरवावे लागते.

याचा पडताळा पाहायचा असेल, तर कोहरा (१९६४) पाहावा. सासू-सुनेच्या चित्रपटांच्या गर्दीत हा थोडा बाजूला पडला आहे. दाफ्ने द्यू मोरिए यांच्या रेबेका या कादंबरीवर हिचकॉक यांनी १९४० मध्ये चित्रपट केला होता. तीच कथा हेमंतकुमार यांनी निर्माते म्हणून हिंदीत आणली. दिग्दर्शक बिरेन नाग मूळचे कलादिग्दर्शक, त्यामुळे धुके, लांबलचक दालने, जिन्यावर पडणाऱ्या काळ्या सावल्या यांची त्यांना उत्तम जाण. फिल्म नुआर या नावाने पश्चिमेत ओळखल्या जाणाऱ्या सावल्यांच्या चित्रपटांशी आपल्याकडचे जे मोजके चित्रपट नाते सांगतात, त्यांत याची गणना करावी लागेल. नवी नवरी म्हणून वाड्यात आलेल्या वहिदा रहमान यांच्यावर नजर ठेवून असते ती मेलेल्या पहिल्या मालकिणीशी निष्ठा राखणारी दाईमाँ. ही भूमिका ललिताबाईंची. येथे आरडाओरडा नाही, सुनेच्या झिंज्या उपटणे नाही. त्या नुसत्या दारात येऊन उभ्या राहतात. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. आणि त्या अर्ध्या चेहऱ्यात काय चालले आहे, हे शेवटपर्यंत नीट कळत नाही.

दुसऱ्या टोकाला श्री ४२० (१९५५) मधील केळीवाली आणि अनाडी (१९५९) मधील मिसेस डिसा. तोंडाने फटकळ, मनाने मायाळू अशी ही ख्रिस्ती घरमालकीण सदोष औषधाने प्राणास मुकते आणि चित्रपटाचा सारा नैतिक भार तिच्या मृत्यूवर येऊन पडतो. या भूमिकेने त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचाही पुरस्कार लाभला. प्रोफेसर (१९६२) मध्ये तर त्यांनी आपल्याच जरबेची थट्टा केली आहे. म्हाताऱ्याच्या सोंगात आलेल्या शम्मी कपूरवर भाळून आरशापुढे नटणारी ती कडक पालक पाहताना हसू येते आणि थोडे गलबलतेही. आनंद (१९७१) मधील मेट्रन त्याच जातकुळीतील.

एवढे असूनही लोकांनी लक्षात ठेवली ती जाचक सासूच. याचा दोष सर्वस्वी प्रेक्षकांचा नाही. निर्मात्यांना एकदा चाललेला शिक्का पुन्हा पुन्हा मारण्याची सवय असते आणि चाळिशी उलटलेल्या अभिनेत्रीसाठी त्या काळी लिहिल्या जाणाऱ्या भूमिकाही किती होत्या? आई, सासू आणि मोलकरीण. ललिताबाईंनी याच तीन खणांत जवळपास पन्नास वर्षे काढली. त्यांच्या कारकिर्दीची लांबी सात दशकांची भरते.

स्टंटपटांच्या वाट्याला मात्र जतन होण्याचे भाग्य आले नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच पूर्ण स्वरूपात शिल्लक आहेत. नायट्रेटच्या फिती जळाल्या, कुजल्या, त्यांतील चांदीसाठी वितळवल्या गेल्या. जे वाचले, त्यांत दिलेर जिगर आहे. प्रभातच्या गाजलेल्या कृतींपुढे कोणी नाव घेणार नाही असा हा दुय्यम दर्जाचा चित्रपट. त्यात पंधरा वर्षांची ललिता दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून कॅमेऱ्याकडे पाहते.

गणपतराव पवार यांच्यानंतर त्यांनी अंबिका स्टुडिओचे निर्माते गुप्ता यांच्याशी विवाह केला होता. अखेरच्या काळात जबड्याच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले आणि मुंबई सोडून त्या पुण्यात औंधला राहू लागल्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ज्या शहरात त्या पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, ते हेच. दिलेर जिगरची प्रतही याच शहरात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली आहे.