हेन्री बेट्स : सारख्यांतला वेगळेपणा

सकाळचे तास संपले की दुपारनंतर मी एका रंगीत माशांच्या दुकानात काम करतो. टाक्यांतले पाणी बदलणे, माशांना खाणे घालणे आणि गिऱ्हाइकाला हवा तो मासा जाळीने धरून पिशवीत घालून देणे, एवढेच माझे काम. गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त प्राध्यापकांना मी सहा कोरिडोरास दिले. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतले हे बोटाएवढे मासे. ओठांशी मिशा, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत, आणि दिवसभर तळाची वाळू उकरण्याचा उद्योग. मी दिलेल्या माशांचे अंग फिकट होते. डोळ्यांवरून उतरणारी काळी पट्टी, पाठीवर काळा पट्टा आणि मानेवर नारिंगी डाग.

आठवड्याने सर पुन्हा दुकानात आले. रागावले नव्हते. सहांपैकी दोघांचे तोंड लांबट आहे, एवढेच त्यांनी मला दाखवून दिले. मी टाकीशी वाकून पाहिले आणि ओशाळलो. चार मासे अडोल्फोई नावाच्या जातीचे होते, तर दोन इमिटेटर या जातीचे. रंग तोच, पट्टी तीच, डागही तोच. पण एकाचा मुखवटा आखूड व गोलसर, दुसऱ्याचा लांब व निमुळता. मी ते मासे रोज पाहत होतो आणि तरीही मला ते दिसले नव्हते. स्वतःला सावरण्यासाठी मी बोलून गेलो की मी कला शाखेचा, मला प्राणिशास्त्र कुठून कळणार. सरांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यावरचे एक जुने प्रवासवर्णन माझ्या हाती ठेवले. लेखक होता हेन्री वॉल्टर बेट्स.

बेट्सचा जन्म इंग्लंडमधल्या लेस्टर शहरी ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाला. वडिलांचा मोजे विणण्याचा व्यवसाय होता. मुलाची शाळा तेराव्या वर्षाच्या सुमारास सुटली आणि तो एका मोजेवाल्याकडे उमेदवारीला लागला. दिवसाचे तेरा तास काम. त्यात वखार झाडण्याचे कामही आले. रात्री तो कामगारांसाठी चालणाऱ्या वर्गांना जाई आणि सुटीच्या दिवशी जवळच्या चार्नवुडच्या रानात भुंगेरे गोळा करी. अठराव्या वर्षी, १८४३ मध्ये, भुंगेऱ्यांवरचे त्याचे एक छोटे टिपण प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आले. विद्यापीठाची पायरी तो कधीच चढला नाही.

१८४४ च्या सुमारास लेस्टरमध्ये त्याची एका तरुण शिक्षकाशी ओळख झाली. त्याचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. दोघांनाही वेड एकच आणि दोघांचेही खिसे रिकामेच. प्राणी व कीटक गोळा करून इंग्लंडला पाठवायचे, ते विकून खर्च भागवायचा आणि जाती कशा उत्पन्न होतात याचा शोध घ्यायचा, असा त्यांनी बेत केला. २८ मे १८४८ रोजी दोघे ब्राझीलमधल्या पारा बंदरी उतरले. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. वॉलेस रिओ नेग्रो नदीने वर गेला आणि १८५२ मध्ये परत निघाला. भर समुद्रात त्याच्या जहाजाला आग लागून बहुतेक संग्रह जळाला. बेट्स मात्र अकरा वर्षे तिथेच राहिला.

ही वर्षे सुखाची नव्हती. तापाने तो पोखरला गेला. एकदा चोरीत पैसे गेले. कधी वर्ष वर्ष ना पत्र येई, ना पैसे. कपड्यांच्या चिंध्या झाल्या, पायांत जोडे उरले नाहीत. वाचायला काही नसल्याने जुन्या साप्ताहिकाचे अंक तो पुन्हा पुन्हा वाची आणि शेवटी त्यांतल्या जाहिरातींचीही पारायणे करी. पण एगा या नदीकाठच्या गावी तो वर्षानुवर्षे तळ ठोकून राहिला आणि रोज सकाळी जाळे घेऊन रानात शिरत राहिला. १८५९ मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा त्याने जमवलेल्या जातींची संख्या १४,७१२ होती. त्यांत मासे १२०, बाकी बहुतेक कीटक. सुमारे ८,००० जाती विज्ञानाला नवीन होत्या.

एवढे जमवणारा माणूस नुसता हमाल ठरला असता. बेट्सने त्यातून एक कोडे उचलले. त्या रानात हेलिकॉनिड गटातली संथ उडणारी, भडक रंगांची फुलपाखरे विपुल होती. पक्षी त्यांच्या वाटेला जात नसत. त्यांच्या थव्यात अधूनमधून अगदी तशीच दिसणारी, पण भलत्याच कुळातली फुलपाखरे सापडत. उडताना दोघांतला फरक खुद्द बेट्सलाही ओळखता येत नसे. हातात घेतल्यावर मात्र गुपित फुटे. हेलिकॉनिडांचे पुढचे दोन पाय खुरटलेले असतात आणि ती चारच पायांवर चालतात. नक्कल करणारी फुलपाखरे आपल्या पांढऱ्या-पिवळ्या भाऊबंदांप्रमाणे सहाही पाय वापरतात. पंख फसवतात, पाय खरे बोलतात.

हे साम्य आले कुठून? बेट्सने उत्तर दिले ते असे. हेलिकॉनिड बेचव असल्याने पक्षी त्यांना सोडतात. दुसऱ्या कुळातले जे फुलपाखरू योगायोगाने त्यांच्यासारखे थोडेसे दिसले, ते थोडे अधिक वाचले. पिढ्यान्‌पिढ्या हेच घडत गेले आणि साम्य वाढत गेले. हा निबंध त्याने नोव्हेंबर १८६१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला. डार्विनचा ग्रंथ येऊन दोनच वर्षे झाली होती; नैसर्गिक निवडीचा इतका बोलका पुरावा पाहून डार्विन हरखून गेला. प्रवासाचे पुस्तक लिहिण्याचा आग्रहही त्यानेच धरला. ते १८६३ मध्ये निघाले. पुढे १८७८ साली ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलरने दुसरी बाजू दाखवली : दोन्ही जाती बेचव असल्या तरी एकच गणवेश घालणे दोघींच्या फायद्याचे असते, कारण शत्रूला धडा एकदाच शिकवावा लागतो.

बेट्सला मोठे पद मिळाले नाही. १८६४ पासून तो रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत सहायक चिटणीस होता. दिवसा कचेरी आणि फावल्या वेळात भुंगेरे. १८८१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. १६ फेब्रुवारी १८९२ रोजी तो वारला.

आता माझ्या टाकीकडे वळतो. अडोल्फोई आणि इमिटेटर हे दोघेही वॉलेस ज्या रिओ नेग्रोत फिरला, तिच्याच वरच्या भागातले. इमिटेटर म्हणजे नक्कल करणारा. पण हे नाव त्याच्यावर थोडा अन्यायच करते. दोघांनाही चिलखत आहे, दोघांच्याही परांना टोकदार काटे आहेत. म्हणजे प्रकार म्युलरचा, लबाडीचा नव्हे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की एका ठिकाणी एकच रंग ल्यालेले कोरिडोरास बहुधा दूरच्या नात्याचे असतात आणि त्यांच्या मुखवट्याची लांबी निराळी असल्याने त्यांचे खाणेही निराळे असते. एकाच्या घासावर दुसऱ्याचा डोळा नसतो, म्हणून ते एका थव्यात नांदू शकतात. २०२४ मध्ये या माशांची सात वंशांत फेरमांडणी झाली; अडोल्फोई एका वंशात गेला, इमिटेटर दुसऱ्यात.

म्हणून आता मी रंगावर भिस्त ठेवत नाही. आधी मुखवटा पाहतो. तो सारखाच आखूड असला तर पाठीवरचा पट्टा पाहतो. अडोल्फोईचा अरुंद असतो, डुप्लिकॅरिअस या तिसऱ्या जातीचा रुंद. चुकीचे दोन मासे सरांनी परत केले नाहीत. सहाही त्यांच्या टाकीत एकत्र फिरतात.

कला शाखेचा म्हणून मला हे कळणार नाही, ही सबब मात्र मी परत घेतली आहे. बेट्सकडे पदवी नव्हती, तशी सबबही नव्हती. मोजे मोजणाऱ्या त्या पोराने फुलपाखराचे पाय मोजले. ज्या वस्तू आपण रोज हाताळतो, त्या खरोखर किती पाहतो, हा प्रश्न त्याने माझ्यापुढे ठेवला आहे. पुस्तक वाचून झाले; ते परत करायला मी अजून धजलो नाही.