वाट मोकळी करणारे वीर : मेजर राम राघोबा राणे

रणांगणावर शत्रूशी प्रत्यक्ष भिडणाऱ्यांची नावे लोकांच्या ओठी असतात. पण सैन्याच्या पुढे जाऊन सुरुंग काढणारा, रस्ता बांधणारा शिपाई सहसा विस्मृतीत जातो. जुन्या पलटणीच्या बोलीत त्याला सफरमैना म्हणत. या परंपरेला परमवीर चक्राचा मान मिळवून देणाऱ्या राम राघोबा राणे यांचे मूळ गाव कारवारजवळील चेंडिया. जन्म २६ जून १९१८ चा. वडील पोलीस खात्यात शिपाई. त्यांच्या बदल्यांपायी मुलाचे शिक्षण तुटकच झाले.

१० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले. महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी कष्ट उपसले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. पुढच्या चारच महिन्यांत त्यांची खरी कसोटी लागली.

एप्रिल १९४८ चे ते दिवस. बीदर-गुलबर्गा अद्याप निजामाच्या अमलाखाली होते, आणि तिकडे काश्मिरात राजौरी आदल्या नोव्हेंबरपासून हल्लेखोरांच्या हाती होती. नगरवासीयांची कत्तल झाली होती. उरलेल्यांच्या सुटकेस लागणारा एकेक तास मोलाचा होता. नौशेराहून निघालेल्या रणगाड्यांना वाट करून देण्याचे काम राणे यांच्या तुकडीकडे आले. ८ तारखेस सकाळी ११ वाजता नडपूरजवळ, काम सुरू होण्यापूर्वीच, उखळी तोफांचा मारा झाला. २ जवान ठार झाले. राणे यांच्यासह ५ जण जखमी झाले. त्या दोघांची नावे राणे यांच्या मानपत्रात नाहीत, ही खंत मात्र राहतेच. राणे यांनी उरलेल्यांची लगेच फेरजुळणी केली आणि रात्री १० पर्यंत शत्रूच्या नजरेसमोर काम चालू ठेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ६ पासून पुन्हा तेच. चिडाची झाडे तोडून आडवी टाकलेली, मोऱ्या उडविलेल्या, भोवती सुरुंग आणि वरून मशीनगनचा मारा. झाडे सुरुंगाने उडवायची, मोरी तुटली असेल तेथे वळणरस्ता काढायचा, की रणगाडे पुढे. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास चिडाच्या ५ प्रचंड झाडांनी वाट अडविली. अंधारामुळे थांबावे लागले. १० तारखेस पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा तेथे हजर होते. साडेसहाला तो अडथळा निघाला. दुपारी २ ला रणगाडे तवीच्या पात्रातून चिंगसला पोहोचले. मागून येणाऱ्या रसदीसाठी रस्ता हवा होता, म्हणून राणे अन्नविश्रांतीवाचून रात्री ९ पर्यंत राबत राहिले. ११ तारखेस सकाळी ११ वाजता चिंगसचा रस्ता खुला झाला. १२ तारखेस राजौरी मुक्त झाली.

त्या युद्धातील ५ परमवीरांपैकी तिघांना हा सन्मान मरणोत्तर लाभला. राणे त्यातून वाचले. मेजर पदावरून निवृत्त झालेल्या या वीराचे ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर २००६ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला, आणि २०२३ साली अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले.